देखाव्याला हबलचा फोटो लावताय? आधी या चुका टाळा

मागच्या गणपतीला आमच्या शहापुरातल्या मंडळानं देखाव्याच्या मागं अंतराळ दाखवायचं ठरवलं आणि फोटो आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ईगल नेब्युला या अंतराळातल्या वायू-धुळीच्या ढगातले ते खांब, हबल या अंतराळ दुर्बिणीचा 1995 चा फेमस फोटो, पेनड्राइव्हवर घालून फ्लेक्सवाल्याकडं गेलो तर तो म्हणतोय, "फाईल अर्धवट आलीय बघा, उजवीकडं वरचा कोपरा जिन्यागत कापलाय." मी पण येड्यागत घरी येऊन तीनदा परत डाउनलोड केला, तिन्ही वेळा कोपरा काळाच!

फाईल बरोबरच होती. 1993 ला हबलवर बसवलेल्या ज्या कॅमेऱ्यानं तो फोटो काढला, त्यात 800 बाय 800 पिक्सेलचे चार सेन्सर होते, त्यातला एक लहानच जागा बघायचा पण जास्त बारीक, मग त्याचा तुकडा बाकी तिघांच्या मापाला आणला की लहान होतो आणि तेवढा कोपरा रिकामा राहतो. तो एआयनं भरायला जाऊ नका, नसलेले तारे उगवतात तिथं. 2014 ला नवीन कॅमेऱ्यानं काढलेला त्याच खांबांचा फोटो घ्या, त्यात जास्त भाग दिसतो आणि कोपरा पण शाबूत. आमच्याकडं वेळ नव्हता, आम्ही तो जिना मखराच्या खांबामागं दडवला.

नवीन कॅमेरा म्हणजे नवीन दुर्बीण असं समजू नका. आरसा 1990 पासून तोच, 2.4 मीटरचा, आणि तो पण कडेला केसाच्या पन्नासाव्या भागाएवढा चुकीचा घासलेला, त्याची दुरुस्ती कॅमेऱ्याच्या आतच केली. 2009 च्या मे महिन्यात अंतराळवीरांनी जुना कॅमेरा काढून नवीन बसवला तेव्हा जुन्याचा एक बोल्ट काही केल्या सुटेना, तो मोडला असता तर नवीन बसलाच नसता. आमच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फिटरला विचारा असल्या वेळी हात कसा थरथरतो ते.

रंग बघून "हे सगळं रंगवलेलंय" म्हणणारे एक काका प्रत्येक मंडळात असतात. फिल्टर लावून गंधकाचा उजेड लाल, हायड्रोजनचा हिरवा, ऑक्सिजनचा निळा दाखवलाय, कारण पहिले दोन डोळ्याला लालच दिसतात, वेगळे कळणारच नाहीत. म्हणून फ्लेक्सवाल्याला ऑटो कलर मारू देऊ नका, सगळा हिशोब बिघडतो.

2014 चाच एक इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडातला, फोटो पण आहे, त्यात खांब भुतागत फिके आणि आतले तारे दिसतात. प्रिंट फिकी आली म्हणून भांडू नका, तो उजेड धुळीतून बराचसा आरपार येतो म्हणून तसं दिसतंय.

आणि खाली "हबल" लिहायच्या आधी ठळक तारे झूम करून बघा, ताऱ्यातून निघणारी चार टोकं असली तर हबल, सहा मोठी आणि दोन बारीक असली तर जेम्स वेब ही दुसरी अंतराळ दुर्बीण. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचाच असला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फ्लेक्सवर नुसते चौकोन दिसतील.