छुप्या क्लिपवर लाकडी डेक टाकताय? या चुका टाळा

मुळशी, पानशेत, लोणावळा आणि खाली अलिबाग-किहीमच्या बाजूला बंगल्यांचे लाकडी डेक करतो आम्ही, आणि हल्ली जो येतो तो एकच सांगतो, वरून एकही स्क्रू दिसायला नको. मागणी चुकीची नाहीये. दिसायला खरंच सुंदर, अनवाणी पायाला काही टोचत नाही, आणि फळीच्या अंगावर भोकच नसल्याने तिथून पाणी मुरत नाही. पण एक गोष्ट आधी डोक्यात बसवा. वरून मारलेला स्क्रू फळीला जबरदस्तीने धरून ठेवतो, क्लिप तसं करत नाही. दोन फळ्यांच्या फटीत, खालच्या फ्रेमवर बसवलेल्या क्लिपची जीभ फळीच्या कडेच्या खाचेत जाते आणि फळीला वर उठू देत नाही, बस, रुंदीत फुगायला-आकसायला फळी मोकळी असते. त्यामुळे ओलं लाकूड, वाकडी फ्रेम, कमी-जास्त जाडीच्या फळ्या हे सगळं वरून स्क्रू ठोकून जसं थोडंफार रेटून नेता येतं तसं इथे येत नाही. जे बिघडतं ते पहिली फळी टाकायच्या आधीच बिघडलेलं असतं.

ओलावा न मोजता फळ्या टाकणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आणि ही मी स्वतः केलेली आहे. मुळशीला एका काकांचा डेक होता, आयपेच्या (दक्षिण अमेरिकेतून येणारं टणक लाकूड) १४० मिमी रुंद फळ्या, काम मे महिन्यात. फळ्या भट्टीत वाळवूनच आलेल्या आणि वर एप्रिल-मे आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून होत्या, म्हणजे अगदी खडखडीत. काकांचं म्हणणं, "अरे बाबा, फटी बारीक ठेव हं, नातवंडांची बोटं अडकायला नकोत", म्हणून आम्ही ३ मिमीची फट ठेवणाऱ्या क्लिपा आणल्या. काम झालं तेव्हा फोटो काढून भिंतीवर लावावा असा डेक दिसत होता. जुलैच्या मध्यावर फोन आला. जाऊन बघतो तर एकही फट शिल्लक नाही, सगळा डेक एक सलग पाट झालेला, पाणी वर साचलेलं, आणि भिंतीकडच्या चार फळ्या एकमेकींना रेटून उचललेल्या, त्यांच्या खाचेचा वरचा ओठ लांबलचक चिरून सुटून आला होता. त्या चारही फळ्या आम्ही आमच्या खर्चाने बदलल्या आणि अख्खा डेक उकलून परत टाकला.

हिशोब अगदी साधा आहे, तेव्हा केला नव्हता एवढंच. लाकडातला ओलावा १० टक्क्यांनी वाढला, म्हणजे ८ चा १८ झाला, की १४० मिमीची आयपे फळी रुंदीत साधारण साडेतीन मिमी फुगते. सागवान कमी हलतं, तेवढ्याच बदलाला अडीच-पावणेतीन मिमी. लोणावळ्यात वर्षाला ४००० मिमीच्या वर पाऊस पडतो, तिथे उन्हाळा आणि पावसाळा यांच्यात एवढा फरक पडणारच. ३ मिमीच्या फटीत साडेतीन मिमी कुठून मावणार?

आता आम्ही ओलावा मोजायचं मीटर जवळ ठेवतो, दोन-तीन हजारांतही चालण्यासारखं मिळतं, फक्त लाकडाची जात निवडायची सोय असलेलं घ्या कारण सागाचा आकडा आणि आयपेचा आकडा एकाच सेटिंगवर खरा येत नाही. फळ्या साइटवर आल्या की सावलीत, जमिनीपासून वर, प्रत्येक थरात आडव्या पट्ट्या घालून दोन-तीन आठवडे ठेवायच्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळून नाही, वारा लागला पाहिजे. मीटर १२ ते १४ टक्के दाखवेपर्यंत थांबायचं. त्या आकड्याला टाकलेली फळी उन्हाळ्यात थोडी आकसते, पावसात थोडी फुगते, दोन्हीकडे निभावतं. आणि फट ५ ते ६ मिमीची, त्याखाली नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी नाही. उलटी चूकही होते, पावसाळ्यात ओली फळी टाकायची, मग मार्चमध्ये फटी एवढ्या रुंद होतात की खालच्या क्लिपा दिसायला लागतात आणि फळी पायाखाली खडखडते.

डब्ल्यूपीसीची क्लिप लाकडाला लावणं

बाजारात सहज मिळतात त्या काळ्या प्लास्टिकच्या क्लिपा बहुतेक डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या) बोर्डांसाठी असतात, आणि डब्ल्यूपीसी बसवणारीच पोरं लाकडी डेकही घेतात, तिथून हे सुरू होतं. डब्ल्यूपीसी उन्हाने लांबीत वाढतं, लाकूड पाण्याने रुंदीत वाढतं, दोघांच्या गरजाच वेगळ्या. त्या क्लिपची जीभ त्यांच्या कंपनीच्या खाचेच्या मापाची असते, तुमच्या सुताराने राउटरने पाडलेली खाच तिला मोठी झाली की फळी डुगडुगणार, लहान झाली की हातोड्याने ठोकून बसवणार आणि ओठ फुटणार. आधी क्लिप हातात घ्या, जिभेची जाडी मोजा, मग खाचेचं कटर ठरवा. टाकाऊ तुकड्यावर खाच पाडून क्लिप बोटाने सरकते का बघा, बोटाने जायला हवी पण आत गेल्यावर हलायला नको.

खाच पाडायच्या आधी सगळ्या फळ्या मशिनवर एका जाडीत काढून घ्या. वखारीतून येणाऱ्या फळ्यांत एखाद मिमीचा फरक सर्रास असतो. खाच खालच्या बाजूने मोजली तर क्लिप नीट बसते पण वर फळ्यांना पायरी येते, वरून मोजली तर काही फळ्या सैल राहतात आणि काहींवर ताण येतो, जाडी सारखी केल्याशिवाय यातून सुटका नाही. आणि खाचेच्या वर किमान ९-१० मिमी लाकूड शिल्लक ठेवा. थर्मो-ॲश किंवा थर्मो-पाइन वापरत असाल (लाकूड साधारण १८० ते २१५ अंशांवर भाजून काढतात ते) तर आणखी जपा, ते पाण्याने फार कमी हलतं ही जमेची बाजू, पण भाजल्यामुळे ठिसूळ होतं आणि खाचेचा ओठ पटकन तुटतो.

फ्रेमचे गाळे

फॅब्रिकेटरला "डेकची फ्रेम कर" एवढंच सांगितलं तर तो दोन फुटांचे गाळे (दोन पाइपांमधलं अंतर) टाकून मोकळा होतो. २५ मिमी जाड फळीला ४०० मिमीपेक्षा जास्त गाळा नको, १९-२० मिमीची फळी असेल किंवा फळ्या तिरक्या टाकायच्या असतील तर ३००. प्रत्येक सपोर्टवर प्रत्येक फटीत एक क्लिप, एक सोडून एक नाही. जिथे दोन फळ्यांची टोकं भिडतात तिथे दोन पाइप शेजारी शेजारी हवेत, म्हणजे दोन्ही टोकांना आपापला आधार आणि आपापली क्लिप मिळते, एकाच पाइपवर दोन्ही टोकं टेकवून एका क्लिपमध्ये भागवलं की पहिल्या पावसात एक टोक उचललं म्हणून समजा.

दोरी लावून फ्रेमची लेव्हल तपासा, आणि पाणी निघून जायला फळीच्या लांबीच्या दिशेने थोडा ढाळ, मीटरला ८-१० मिमी पुरतो.

खालून हवा हवी. गच्चीवर स्लॅबपासून दोन इंचांवर डेक टाकून चारही बाजूंनी पट्टी मारून बंद केलेले मी किती पाहिलेत. खालची बाजू दमट, वरची उन्हाने कोरडी, मग फळीच्या दोन्ही कडा वर येतात आणि मधे पन्हळ तयार होते. आता इथे लोक काय करतात, लगेच सँडर फिरवून कडा घासून सपाट करतात. नका करू असं. दिवाळीनंतर खालची बाजू वाळली की फळी मूळ जागी यायला लागते आणि तुम्ही कडा घासून टाकलेल्या असल्याने आता मधे उंचवटा राहतो, तो कायमचा. आधी कडेच्या पट्ट्या काढा, हवा खेळू द्या, फेब्रुवारीपर्यंत थांबा, मग बघा घासायची गरज उरते का.

स्क्रू, चुंबक आणि काळे डाग

क्लिपसोबत येणारे स्क्रू लोक बघतही नाहीत. लोखंडी पाइपात स्वतःच भोक पाडत जाणारे स्टीलचे स्क्रू बरेचदा ४१० ग्रेडचे असतात, कारण ३०४ स्टील मऊ असतं, त्याचं टोक लोखंडात घुसत नाही. पण ४१० गंजतं. खिशात चुंबक ठेवा, ४१० ला घट्ट चिकटतो, ३०४ ला जेमतेम किंवा नाहीच. आम्ही पाइपात आधी ड्रिलने भोक पाडतो आणि ३०४ चा साधा स्क्रू मारतो, वेळ दुप्पट लागतो, लागू दे. अलिबाग, दापोली, गुहागर, गोवा, जिथे समुद्राचा वारा येतो तिथे ३०४ सुद्धा नको, क्लिप आणि स्क्रू दोन्ही ३१६ चे घ्या, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून खाऱ्या हवेला टिकतं. स्क्रू वरून दिसत नाहीत म्हणजे गंज लागलेलाही कुणाला दिसणार नाही, हे लक्षात असू द्या.

इम्पॅक्ट मशिन लावून स्क्रू गच्च आवळू नका. क्लिप वाकते, वाकली की फळी एका बाजूला कलते आणि पुढची फळी आत जातच नाही. क्लच असलेलं साधं ड्रिल मशिन, क्लिप अर्धवट कसा, पुढची फळी खाचेत सरकवा, लाकडी ठोकळा मधे धरून हलके ठोका आणि मग शेवटचे दोन पीळ द्या.

आणि काळे डाग. किहीमला सागवानाचा डेक पूर्ण झाला, तेल लागलं, आणि त्यानंतर रेलिंगवाला आला, डेकवरच बसून ग्राइंडरने पाइप कापले त्याने. झाडून घेतलं, काही दिसत नव्हतं. पहिला पाऊस झाला आणि सकाळी बघतो तर फळ्यांवर मोहरी सांडल्यासारखे काळे ठिपके, एका कोपऱ्यात तर पूर्ण राखाडी पट्टा. सागात, आयपेत टॅनिन असतं, लोखंडाचा बारीक कण आणि पाणी मिळालं की शाई तयार होते, अगदी खरीखुरी, जुन्या काळी शाई अशीच करायचे. घासून ते जात नाही. ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर आणा, लिटरभर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम, हातमोजे-चष्मा-मास्क घालून ब्रशने लावा, पंधरा-वीस मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. विषारी आहे, कुत्री-मांजरं आणि मुलं लांब ठेवा, तुळशी-बागेत पाणी जाऊ देऊ नका. डाग गेले की पूर्ण वाळवून परत तेल. पण खरं उत्तर म्हणजे वेल्डिंग, कटिंग, रेलिंग सगळं आधी उरकून घ्या आणि लाकूड शेवटी आणा. फ्रेमच्या पाइपांवर प्रायमर-रंगानंतर बिट्युमेनची किंवा रबराची पट्टी चिकटवा, म्हणजे लोखंड लाकडाला थेट लागत नाही, आणि पायाखालची करकरही बरीच कमी होते.

भिंतीपासून सुरुवात करणं

घराची भिंत सरळ आहे यावर विश्वास ठेवू नका. दोरी बांधा, गुण्याने काटकोन तपासा, पहिली फळी दोरीला लावा आणि भिंतीपासून ८-१० मिमी सोडा. पहिल्या फळीत अर्ध्या सुताची (दीडेक मिमीची) चूक असेल तर विसाव्या फळीला ती डोळ्यात खुपते. दर चार-पाच फळ्यांनी टेपने दोन्ही टोकांची मापं घ्यायची, फरक दिसला तर पुढच्या तीन-चार फळ्यांत थोडा थोडा जिरवायचा, एकाच फटीत नाही. बाक असलेली फळी पाचर मारून किंवा लांब क्लॅम्पने ओढून सरळ करता येते, पीळ असलेली मात्र बाजूला काढा, तिचे छोटे तुकडे कडेला वापरा. रुंदीचा हिशोब आधीच करा, नाहीतर शेवटी इंचभराची चिंधी उरते जिला क्लिप धरूच शकत नाही. शेवटची फळी वरूनच स्क्रू मारून, त्यावर त्याच लाकडाचा गुल्ला (भोक बुजवणारं गोल बूच) रेषा जुळवून बसवावी लागते, त्यात कमीपणा काही नाही.

तेल फळी टाकण्याआधी चारही बाजूंना आणि खाचेत लावा, नंतर तिथे ब्रश पोचत नाही. कापलेल्या प्रत्येक टोकाला मेणाचं सीलर, त्याच दिवशी, कारण लाकूड टोकाकडूनच सगळ्यात जास्त पाणी पितं आणि भेगाही तिथूनच सुरू होतात. सागवान घेताना पांढरा भाग असलेली फळी बाहेर काढा, वाळवी आधी तिथेच लागते, गाभ्याला नाही. आयपे घेत असाल तर नोव्हेंबर २०२४ पासून ते साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आलंय, विक्रेत्याकडून बिल आणि आयातीची कागदपत्रं मागून घ्या.

मधली एक फळी बदलायची झाली तर

लोक पहिल्या फळीपासून उकलत येतात, गरज नाही. गोल करवतीचं पातं फळीच्या जाडीएवढंच खाली ठेवा, खालच्या पाइपाला लागायला नको, आणि खराब फळी लांबीत मधोमध दोनदा कापा. मधली पट्टी निघाली की दोन्ही कडा क्लिपमधून सरकून बाहेर येतात. नवीन फळीच्या एका कडेच्या खाचेचा खालचा ओठ रंध्याने किंवा करवतीने काढून टाका, दुसरी कड क्लिपमध्ये घाला आणि ही बाजू वरून खाली बसवा, मग पाइपांवर पॉलियुरेथेन गम आणि दोन्ही टोकांना एकेक स्क्रू, वर गुल्ला. खालून ड्रेनेजचं झाकण किंवा वायरिंग जात असेल तर तिथे सुरुवातीलाच उचलता येईल असा वेगळा तुकडा करून घ्या, नाहीतर प्लंबर आला की हेच सगळं परत करावं लागतं.

आणि यासाठी उरलेल्या चार-पाच फळ्या मिस्त्रीला परत देऊन टाकू नका. डेकच्या कडेलाच, उघड्यावर, ऊन-पावसात ठेवा. डेक दोन वर्षांत राखाडी पडतो, शेडमध्ये जपून ठेवलेली फळी तशीच तांबूस राहते, आणि मधे बसवली की लांबूनही ठिगळ दिसतं.