मुलं घरी गेल्यावरची माती

मुलांसाठी मातीकामाची पहिली कार्यशाळा मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घेतली, आमच्या भागातल्या वाचनालयामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. वीस मुलं, तीन तास, आणि शेवटी कट्ट्यावर ओळीनं मांडलेले सात हत्ती, काही बैल, पणत्या, एक रेल्वेचं इंजिन. पालकांनी फोटो काढले, मला वाटलं काम झालं. पाचव्या दिवशी सगळं टोपल्यांत भरून पुण्यातल्या केशवनगरला, मुंढव्याच्या कुंभारवस्तीतल्या एका काकांकडे भाजायला दिलं. आवा, म्हणजे कुंभाराची भट्टी, उघडला तेव्हा सातांपैकी दोनच हत्ती उभे होते. बाकीच्यांची खापरं झाली होती आणि ती उडून शेजारच्या पणत्याही फुटल्या होत्या.

"ताई, पोटात ओल होती त्यांच्या," काका म्हणाले.

हत्ती भरीव होते. वरून पांढुरके, अगदी कोरडे दिसत होते, पण आत पाणी होतं. आवा तापत जातो तसं १०० अंशांच्या आसपास त्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि वस्तू फुटते. काकांनी एक न भाजलेला माठ उचलून माझ्या गालाला लावला. गार लागला. म्हणाले, हा अजून कच्चा आहे. मग दुसरा लावला, तो गार लागला नाही. तळहाताला हा फरक कळत नाही, गालाला कळतो. आजही भाजायला देण्याआधी मी प्रत्येक वस्तू गालाला लावून बघते.

परत देण्याच्या दिवशी एका सात वर्षांच्या मुलानं विचारलं, "माझा हत्ती कुठंय?" मी खापरं पुढे केली. त्यानं त्यातून सोंडेचा तुकडा शोधून काढला, खिशात घातला आणि काही न बोलता गेला. तो दिवस माझ्या मनातून गेलेला नाही. म्हणून या कामात नव्यानं येणाऱ्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगते, की दोन-तीन तासांचं शिकवणं सोपं आहे. मुलं घरी गेल्यानंतरचे पंधरा दिवस शिकून घ्या.

भरीव काही करू द्यायचं नाही. जाडी बोटाएवढी, त्याहून जास्त नको. हत्ती, बैल करायचे असतील तर कागदाचा घट्ट बोळा करून त्यावर माती चढवायची आणि पोटाखाली खिळ्यानं भोक पाडायचं. कागद आव्यात जळून जातो आणि वाफेला वाट मिळते. पाय, शिंगं, कान नुसते चिकटवले तर वाळताना गळतात. दोन्ही बाजूंना ओरखडे काढायचे, मातीची पातळ राबडी लावायची आणि दाबून बसवायचं. तळाला ओलेपणीच खिळ्यानं नाव कोरायचं. चिठ्ठ्या चिकटवल्या तर गळून पडतात, आणि मग वीस पणत्यांतली आपली कोणती यावर भांडणं होतात.

वाळवणं सावलीत, वारं थेट लागणार नाही अशा जागी. पहिले दोन दिवस वरून प्लास्टिक सैलसर टाकून ठेवते, कारण शेपटी आणि कान आधी वाळून आकसले आणि धड ओलं राहिलं की जोडावर तडा जातो. नंतर रोज वस्तू उलटायची. पुण्याच्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात, पावसाळ्यात पंधरा दिवसांनीही वस्तू गालाला गार लागते.

म्हणून पावसाळ्यात मी भाजायचं कामच काढत नाही. उघडा आवा पावसात रचता येत नाही, आणि तेव्हा मुलांना हवं असतं तेही न भाजण्याचंच: नागपंचमीचा नाग, पोळ्याचे बैल, शाडूचा गणपती. शाडू मऊ, गुळगुळीत, लहान बोटांना छान वळते, पण ती भाजायची माती नव्हे. दोन्ही माती एकाच बादलीत कधी कालवू नका. भाजायची माती मी काकांकडूनच मळलेली आणते, मुलामागे एक किलो धरून. आणि भाजणावळ विचारायला जाताना दिवाळीच्या पणत्या, संक्रांतीची सुगडी, उन्हाळ्याचे माठ यांची घाई टाळावी. त्यांचं वर्षाचं पोट त्या दिवसांवर असतं. आपल्या चार टोपल्यांसाठी त्यांचा आवा अडवायचा नाही, आणि भाजणावळीत घासाघीस तर मुळीच करायची नाही.

प्रत्यक्ष वर्गाबद्दल थोडंच सांगते. दहा-बारा मुलांमागे दोन मोठी माणसं हवीत. पहिली पंधरा मिनिटं काहीही बनवायला सांगू नका. थापटू दे, बोटं खुपसू दे. मग चिमटीनं दाबत केलेली वाटी, मग वळ्या, मग लाटलेली पोळी. चाकावर बसायचा हट्ट सगळेच करतात, पण आठ वर्षांखालच्यांच्या हाताला चाक नुसतं निसटतं. आणि मुलाच्या वस्तूला हात लावून ती "नीट" करू नका. आई-बाबांना तर दारातच सांगून ठेवायचं. एका आईनं मुलीच्या वाटीचा काठ सारखा करून दिला, तर त्या मुलीनं ती वाटी परत न्यायला नकार दिला. तिची वाटी वाकडी होती, ही नव्हती.

हात बेसिनमध्ये धुऊ द्यायचे नाहीत, माती नळीत बसून ती तुंबते. दोन बादल्या ठेवा. तळाशी बसलेला गाळ पुन्हा मळून वापरता येतो. जमीन ओल्या फडक्यानं पुसायची. कोरडा झाडू मारला की मातीची बारीक धूळ उडते आणि ती छातीला वाईट. पोस्टर रंग दिलेल्या कपात चहा-दूध नको, हे पालकांना सांगून टाकावं.

आता परत देण्याचा दिवस मी कार्यशाळेचाच एक दिवस धरते, फी घेतानाच तारीख सांगते. माती आव्यात ६०० अंशांच्या पुढे गेली की पुन्हा चिखल होत नाही, हे तोंडी सांगून मुलांना पटत नाही. म्हणून एक कच्ची पणती आणि एक भाजलेली, दोन्ही पाण्यात सोडते. कच्ची कडेनं विरघळायला लागते तेव्हा सगळी डोकी बादलीवर वाकतात. मग प्रत्येकजण आपापली पणती कानाशी धरून नखानं वाजवतो. टण्ण आवाज आला की शेजारच्याला ऐकवतो.