एसव्हीएनवरून गिटवर जाताना 'ऑथर नॉट डिफाइन्ड' येऊन क्लोन मधेच थांबतो? माझा अनुभव

आम्हा नागपूरच्या काही जणांचा मराठी शब्दतपासणीचा जुना ओपन सोर्स प्रकल्प सबव्हर्जनवरून (म्हणजेच एसव्हीएन) गिटवर हलवायचा होता; दोन्ही कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणाली. 'गिट एसव्हीएन क्लोन' (जुना सगळा इतिहास गिटमध्ये उतरवणारी कमांड) सुरू व्हायचं आणि वरची एरर देऊन बंद पडायचं. ऑथर्स फाइलमध्ये (एसव्हीएनमधल्या कुठल्या नावासाठी गिटमध्ये कुठलं नाव आणि ईमेल, याची यादी) सगळ्यांची नावं होती, तरीही! फोल्डर उडवून पुन्हा क्लोन केलं, फाइलचं एन्कोडिंग बदललं, फरक शून्य. कूलरसमोर बसूनही डोकं तापलं.

एररमधलं नाव नीट पाहा. आमच्याकडे ते 'नो ऑथर' होतं, गोल कंसासकट. ज्या रिव्हिजनला (एसव्हीएनमध्ये नोंदवलेल्या बदलाला) लेखकाची प्रॉपर्टीच नसते, तिथे हे येतं.

ऑथर्स फाइलच्या शेवटी एक ओळ टाका: डावीकडे तेच नाव, कंस आणि मधली स्पेस जशीच्या तशी, मग बरोबरचं चिन्ह (=), मग कुठलंही नाव आणि टोकदार कंसात ईमेल. आता फोल्डर अजिबात उडवू नका. त्यातच जाऊन, तीच ऑथर्स फाइल देऊन 'गिट एसव्हीएन फेच' चालवा. थांबलं होतं तिथून पुढे जातं.

एसव्हीएनचे टॅग (ठरावीक आवृत्त्यांना दिलेली नावं) मात्र रिमोट ब्रँच म्हणून येतात. प्रत्येकावर 'गिट टॅग' चालवा, मग पुश करा (सर्व्हरवरच्या गिट रिपॉझिटरीत पाठवा). टॅग वेगळे पुश करावे लागतात, नुसत्या पुशने जात नाहीत.