उद्याच्या सेमीथिनसाठी

उद्या सेमीथिन सेक्शन, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बघायचे १ मायक्रॉनचे काप, घ्यायला रेझिनमध्ये बसवलेल्या ऊतीचा ब्लॉक कापायला बसणार असशील तर टोल्युइडिन ब्लू हा रंग आजच करून ठेव. १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये आधी १ ग्रॅम बोरॅक्स पूर्ण विरघळू दे, मग १ ग्रॅम रंग टाक. बोरॅक्सने द्राव अल्कधर्मी होतो, त्याशिवाय एपॉक्सी रेझिनमध्ये रंग नीट शिरत नाही. उद्या वापरताना सिरिंजला ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर लावूनच थेंब सोड. न गाळलेल्या रंगाचे निळे खडे सेक्शनवर बसतात. पहिल्या वर्षी मी ते जिवाणू समजून सरांना हाक मारली होती. सर आले, बघितलं आणि चहा प्यायला निघून गेले.

स्लाइड अल्कोहोलने पुसून वाळव. काचेवर ओरखडा काढणारी डायमंड पेन्सिल हाताशी हवीच. १ मायक्रॉनचा सेक्शन पाणी सुकलं की डोळ्यांना दिसेनासा होतो, म्हणून पाण्याचा थेंब असतानाच स्लाइडच्या मागून गोल करून ठेव. हॉट प्लेट ७० अंशांवर. हात लावून अंदाज घेऊ नको, थर्मामीटर ठेव. सेक्शन पुरता चिकटेपर्यंत घाई नको, नाहीतर धुताना वाहून जातो.

आता कूलर. नागपूरच्या मे महिन्यात तो बंद करायला सांगणं म्हणजे जुलूमच, पण कटिंग आणि स्टेनिंगच्या वेळी तो बंदच हवा. त्याच्या झोताने सेक्शन उडतात, धूळ येते आणि स्लाइडवरचा रंगाचा थेंब बघता बघता आटतो. सगळी गोम त्या थेंबातच आहे. ३० ते ६० सेकंदांत त्याच्या कडेला सोनेरी-हिरवट चकाकी येते. ती दिसली की लगेच वॉश बॉटल उचलायची. थेंब पूर्ण सुकला तर रंगाचा थर असा बसतो की निघता निघत नाही. म्हणून बाटली आधीच भरून उजव्या हाताला ठेव आणि धार सेक्शनवर न मारता शेजारी सोड. एका वेळी एकच स्लाइड, फोन खिशात.

रंग जास्त चढला तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये क्षणभर बुडवून काढ. एरवी वाढत्या टक्क्यांच्या अल्कोहोलच्या पायऱ्या नकोत, रंग उतरतो. प्लेटवरच वाळवून डीपीएक्स (कव्हरस्लिप चिकटवायचं माध्यम) लाव. केंद्रकं गडद निळी आणि मास्ट पेशींचे कण जांभळट दिसले तर रंग जमला. सगळंच काळंनिळं दिसलं तर आधी सेक्शन जाड कापला गेला का ते बघ, रंगाला दोष नंतर दे.

आणि सुरुवात पेशंटच्या ब्लॉकने करू नको. कपाटात जुने उंदराच्या किडनीचे ब्लॉक आहेत, त्यातला एक आजच काढून ठेव.