दुसरी पदवी नर्सिंगची: आधी प्रीरिक्विझिटचा हिशेब मांडावा

अमेरिकेत आधीची पदवी हाती असणाऱ्यांसाठी साधारण ११ ते १८ महिन्यांत बीएसएन (नर्सिंगची पदवी) पूर्ण करून देणारे अॅक्सिलरेटेड नर्सिंग अभ्यासक्रम आहेत. मात्र अर्जदार बहुधा अर्जातल्या निबंधापेक्षा प्रीरिक्विझिट, म्हणजे प्रवेशाआधी पूर्ण असावे लागणाऱ्या, विषयांपाशीच अडतो. अॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायॉलॉजी आणि संख्याशास्त्र हे विषय बहुतेक ठिकाणी मागितले जातात, आणि अनेक विद्यापीठे विज्ञानाचे विषय गेल्या पाच ते सात वर्षांतलेच ग्राह्य धरतात. त्यामुळे २०१२ साली बी.एस्सी.ला शिकलेली मायक्रोबायॉलॉजी, गुण कितीही चांगले असले तरी, पुन्हा करावी लागू शकते. हे विषय कम्युनिटी कॉलेजात (स्थानिक, दोन वर्षांच्या महाविद्यालयात) कमी खर्चात होतात, परंतु नाव नोंदवण्यापूर्वी त्यांना प्रयोगशाळा जोडलेली आहे का आणि ऑनलाइन प्रयोगशाळा चालेल का, हे ज्या विद्यापीठात अर्ज करायचा त्याच्या प्रवेश विभागाला ईमेलने विचारून ते उत्तर जपून ठेवावे.

पुणे किंवा मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांकडून बहुधा परदेशी शिक्षण अमेरिकेतल्या कशाच्या तोडीचे हे ठरवणाऱ्या डब्ल्यूईएस वा ईसीईसारख्या संस्थेचे विषयवार मूल्यांकन मागितले जाते. नुसती पदवीची समकक्षता पुरत नाही. त्यासाठी ट्रान्सक्रिप्ट (विषयवार गुणांची अधिकृत नोंद) सहसा विद्यापीठाकडूनच थेट जावी लागते, आणि एटीकेटीची जुनी गुणपत्रिका शोधताना घरच्यांना माळा पालथा घालावा लागतो, म्हणून हे काम सर्वांत आधी हाती घ्यावे. नर्सिंगकॅस या अनेक विद्यापीठांच्या सामाईक ऑनलाइन अर्जप्रणालीवरून अर्ज करायचा असल्यास अर्जाच्या पडताळणीतही काही आठवडे जातात; अंतिम तारीख अर्ज पाठवण्याची आहे की पडताळणी पूर्ण होण्याची, हे प्रत्येक विद्यापीठाच्या सूचनांत नीट वाचावे.