महासत्तेच्या लष्करी ताकदीचे सरकारी अंदाज वाचताना या चुका टाळा

अमेरिकेचे संरक्षण खाते 2000 सालापासून चीनच्या लष्करी सामर्थ्याविषयीचा अहवाल तेथील संसदेला सादर करत आले आहे. हा अहवाल आला की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर जहाजे, क्षेपणास्त्रे आणि अण्वस्त्रे यांचे आकडे दोन रकान्यांत समोरासमोर मांडले जातात आणि चर्चा बहुधा तिथेच आटोपते. असा अहवाल नीट वाचायचा असेल, तर शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेने सोव्हिएत संघाविषयी केलेले अंदाज आधी पाहावेत, कारण त्यांतील पुष्कळशी गोपनीय कागदपत्रे आता खुली झाली आहेत आणि अंदाज व वस्तुस्थिती शेजारी शेजारी ठेवून तपासता येतात.

डोळ्यांनी पाहिलेले आणि हिशेबाने काढलेले एकच मानू नका

जुलै 1955 मध्ये मॉस्कोजवळच्या तुशिनो विमानतळावर झालेल्या प्रदर्शनात ‘बायसन’ या नव्या बॉम्बफेकी विमानांचे ताफे प्रेक्षकांच्या डोक्यावरून गेले, दृष्टीआड वळले आणि पुन्हा आले. त्यामुळे पाश्चात्त्य निरीक्षकांना प्रत्यक्षात होती त्याहून बरीच जास्त विमाने दिसली. फसवणुकीची ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. परंतु खरी चूक पुढे झाली. कारखान्यात विमाने किती वेगाने तयार होतील याविषयीची गृहीतके त्या दृश्यावर रचली गेली आणि 1960 पर्यंत सोव्हिएत संघाकडे अशी शेकडो विमाने असतील, असा निष्कर्ष काढण्यात आला. प्रत्यक्षात या विमानाचे एकूण उत्पादन त्या अंदाजाच्या जवळपासही पोहोचले नाही. 1956 पासून यू-2 या अमेरिकी टेहळणी विमानांनी काढलेली छायाचित्रे हाती येऊ लागल्यावर हा फुगा ओसरला. तेव्हा अहवालातील कोणताही आकडा दिसला की तो छायाचित्रातून मोजलेला आहे की गृहीतकांतून आलेला आहे, हे प्रथम शोधावे.

अंदाज कोणाचा, हे विसरू नका

1957 मध्ये स्पुटनिक अवकाशात गेल्यानंतर ‘क्षेपणास्त्रांच्या तफावती’ची, म्हणजे क्षेपणास्त्रांत सोव्हिएत संघ अमेरिकेच्या पुढे गेल्याची, चर्चा सुरू झाली आणि 1960 च्या निवडणुकीत केनेडी यांनी ती प्रचाराचा मुद्दा केली. त्या काळच्या गुप्तचर अंदाजांत अमेरिकी हवाई दलाचा आकडा सर्वांत मोठा, तर भूदल आणि नौदल यांचा सर्वांत लहान होता. क्षेपणास्त्रांसाठी सर्वाधिक निधी हवाई दल मागत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या क्रमाचे आश्चर्य वाटत नाही. टेहळणी उपग्रहांची छायाचित्रे मिळाल्यानंतर सप्टेंबर 1961 च्या अंदाजात सोव्हिएत आंतरखंडीय क्षेपणास्त्रांचे प्रक्षेपक केवळ 10 ते 25 असल्याचे नमूद झाले. अशा दस्तऐवजांत असहमत खात्यांची मते तळटीपेत जातात. मथळा वाचून तळटीप सोडणारा वाचक अर्धाच अहवाल वाचतो.

मात्र यावरून सगळे सरकारी अंदाज फुगवलेलेच असतात असे मानणे ही तितकीच मोठी चूक ठरेल. सोव्हिएत संघ संख्येच्या शर्यतीत उतरणार नाही, अशा आशयाचे विधान संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनी 1965 मध्ये केले होते. दशक संपता संपता सोव्हिएत आंतरखंडीय क्षेपणास्त्रांनी अमेरिकेच्या 1,054 या संख्येला गाठले आणि पुढे मागेही टाकले. सप्टेंबर 1962 मध्ये तर सोव्हिएत संघ क्युबात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे ठेवण्याची शक्यता कमी असल्याचा निष्कर्ष काढला गेला होता, आणि महिन्याभरातच ती तेथे सापडली.

खर्चाचा आकडा म्हणजे शस्त्रांचा आकडा नव्हे

सर्वाधिक गोंधळ येथेच होतो, म्हणून थोडे तपशिलात पाहू. सोव्हिएत संघाने जाहीर केलेल्या संरक्षण खर्चावर कोणाचाच विश्वास नसल्यामुळे तेथील सैन्य आणि शस्त्रे अमेरिकेत उभी करायची तर किती डॉलर लागतील, असा हिशेब अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयए करत असे. सोव्हिएत सैन्यात सक्तीने भरती केलेल्या जवानांना नाममात्र वेतन मिळे, पण हिशेबात त्यांना अमेरिकी सैनिकाचे वेतन लावले जाई. अमेरिकेने 1973 मध्ये सक्तीची भरती बंद करून सैनिकांचे वेतन वाढवले, की कागदावर सोव्हिएत सैन्यही महाग होणारच.

रूबल या सोव्हिएत चलनातील हिशेबाची कथा याहून बोलकी आहे. 1976 मध्ये सीआयएने सोव्हिएत संरक्षण खर्चाचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा 6 ते 8 टक्क्यांवरून 11 ते 13 टक्क्यांवर नेला. शस्त्रसाठा आपण समजत होतो त्याच्या दुप्पट आहे, असा अर्थ अनेकांनी लावला. वास्तविक या दुरुस्तीने एकही रणगाडा वाढला नव्हता. तीच शस्त्रे बनवायला सोव्हिएत उद्योगाला समजापेक्षा कितीतरी अधिक खर्च येतो, एवढेच निष्पन्न झाले होते. दुबळेपणाची खूण सामर्थ्याची म्हणून वाचली गेली. आजही चीन जाहीर अर्थसंकल्पापेक्षा 40 ते 90 टक्के अधिक खर्च करतो असे पेंटॅगॉनच्या, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या, 2024 च्या अहवालात म्हटले आहे. एवढे रुंद अंतर पाहून त्यातला एकच टोकाचा आकडा उचलू नये.

पुरावा न सापडणे हाच पुरावा समजू नका

1976 मध्येच सीआयएचे सोव्हिएत संघाविषयीचे अंदाज पडताळण्यासाठी इतिहासकार रिचर्ड पाइप्स यांच्या नेतृत्वाखाली बाहेरच्या तज्ज्ञांचा ‘बी गट’ नेमला गेला. पाणबुड्या शोधण्याच्या एका सोव्हिएत तंत्राचा मागमूस न सापडल्यावर, ते तंत्र कदाचित आधीच वापरात आले असेल, असा तर्क या गटाने लढवला. सोव्हिएत ‘बॅकफायर’ बॉम्बफेकी विमाने 1984 पर्यंत सुमारे 500 होतील असे त्याने वर्तवले, आणि प्रत्यक्षात ती निम्म्याहूनही कमी निघाली. 1976 मध्येच 6 सप्टेंबरला देश सोडून पळालेले सोव्हिएत वैमानिक व्हिक्टर बेलेन्को यांनी आपले मिग-25 लढाऊ विमान जपानमधील हाकोदाते येथे उतरवले. दुरून पाहून ज्याचा धसका घेतला होता, ते विमान उघडल्यावर आतून मुख्यतः पोलादी आणि व्हॅक्यूम ट्यूब या जुन्या पद्धतीच्या इलेक्ट्रॉनिक भागांवर चालणारे निघाले.

आता चीनकडे वळू. 2020 च्या अहवालात चीनची अण्वस्त्रे दोनशेच्या थोडी वर सांगितली होती, 2021 मध्ये 2030 पर्यंत किमान हजार होतील असे भाकीत आले आणि 2024 मध्ये सहाशेहून अधिक असल्याचे म्हटले गेले. यातील पहिला आणि तिसरा आकडा त्या त्या वेळच्या साठ्याचा अंदाज आहे, दुसरा मात्र भविष्याविषयीचा आहे. तिघांना एका रेषेत जोडू नये. 2021 मध्ये व्यावसायिक उपग्रहांच्या छायाचित्रांत वाळवंटातील शेकडो नव्या सायलो, म्हणजे क्षेपणास्त्रे ठेवण्याच्या भूमिगत विहिरी, दिसल्या, त्या खऱ्याच होत्या; पण रिकामी सायलो आणि क्षेपणास्त्र असलेली सायलो आकाशातून सारखीच दिसते. आरमाराबाबतही चीनची 370 हून अधिक जहाजे आणि पाणबुड्या अमेरिकेच्या संख्येशेजारी ठेवताना टनभार, म्हणजे जहाजांचे एकूण वजन, विचारावा, कारण कमी जहाजे असूनही त्यात अमेरिका पुढे आहे. शिवाय क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या सुमारे 60 लहान गस्ती नौका त्या 370 मध्ये धरलेल्या नाहीत, हेही त्याच अहवालात लिहिलेले असते.