पद्मिनीचा इग्निशन स्विच: उघडायचा कसा आणि पुन्हा जळू द्यायचा नाही कसा

चावी घालून जरा दाबून धरली तरच लाल दिवा लागतो. गाडी खड्ड्यातून गेली की इंजिन क्षणभर मरतं आणि पुन्हा पेटतं. सेल्फ (स्टार्टर मोटर) भरभरून फिरतो, पण गाडी पेटते ती चावी सोडताना. प्रीमियर पद्मिनीत असं होऊ लागलं की पॉइंट, कॉइल, कार्बोरेटर सगळं उघडून होतं आणि स्विच तसाच राहतो. सुरुवात तिथून करा.

स्विचचे दोन भाग असतात: पुढे कुलूप, मागे करंट जोडणारा खटका. चालू गाडीतून चावी निघून येत असेल तर कुलपातल्या पात्या झिजल्या आहेत. झिजलेल्या चावीवरून दुसरी चावी कापून घेण्यात अर्थ नाही, झीजच कापली जाते. कुलपात खोबरेल किंवा इंजिन ऑइल सोडू नका. मुंबईच्या धुळीत त्याचा महिन्याभरात चिखल होतो. चिमूटभर ग्रॅफाइट पावडर पुरते.

चावी नीट फिरूनही करंट जात नसेल तर दोष खटक्यात आहे. तो मल्टिमीटरवर पकडता येतो. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, चावी ऑन करा, लाल टोक बॅटरीकडून येणाऱ्या टर्मिनलला आणि काळं इग्निशनच्या टर्मिनलला लावा. फियाटच्या पद्धतीत यांवर सहसा ३० आणि १५/५४ असे आकडे असतात, सेल्फचा ५०. आकडे पुसले असतील तर टेस्ट लॅम्प घ्या: चावी बंद असतानाही दिवा लागतो ते ३०. मोजताना पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले उघडमिट करणारे कॉन्टॅक्ट) मिटलेले हवेत, म्हणजे कॉइलमधून करंट वाहतो. लोड नसेल तर जळका स्विचही शून्य दाखवतो. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. ०.५ च्या वर गेलं तर उघडायची वेळ झाली.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. वायरींचा फोटो घ्या, प्रत्येकीवर टेपची चिठ्ठी लावा. डॅशबोर्डवरची गोल रिंग पकडीने ओढू नका, क्रोम सोलतं. कापड गुंडाळून फिरवा. काढलेला स्विच पारदर्शक प्लास्टिक पिशवीत हात घालून उघडा. आत स्प्रिंग असते आणि बहुधा स्टीलची बारीक गोळीही; उडाली की सीटखाली शोधत बसा. मागची प्लेट धरणारे पत्र्याचे कान अगदी हळू उचला. ते एकदा, फार तर दोनदा वाकतात, मग तुटतात.

आत पितळ काळं किंवा हिरवट दिसेल. दमट, खाऱ्या हवेत पितळेवर असा थर चढतो आणि पावसाळ्यात ते जोरात होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ६०० नंबरचा पॉलिशपेपर हलका फिरवा, मग १०००. खड्डे पूर्ण जाईपर्यंत घासू नका, कॉन्टॅक्टची उंची गेली की दाबही जातो. खड्ड्यात सोल्डर भरण्याचा जुगाड टाळा: ते मऊ असतं, तापलं की पसरतं. मात्र टर्मिनलचा रिव्हेट सैल असेल तर तो पंचने हलका ठोकून बाहेरच्या बाजूने ६० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने सोल्डर करणं योग्य. फायबरची प्लेट काळी जळली असेल तर थांबा. त्या कोळशातूनच करंट वाहू लागतो. नवा स्विच घ्या.

स्प्रिंगकडे नीट बघा. स्टार्टवरून चावी आपोआप मागे आली नाही तर इंजिन चालू असताना सेल्फ फिरत राहील आणि तोही जळेल. स्प्रिंग ताणून काम भागवू नका.

बदली स्विचसाठी मुंबईत ऑपेरा हाऊस किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, त्यामुळे जुने भाग मिळतात. पण टॅक्सीतला स्विच दिवसातून कित्येकदा फिरलेला असतो. मीटर लावल्याशिवाय घेऊ नका.

जोडल्यावर, बॅटरी लावण्याआधी मीटरवर कंटिन्युइटी (कुठले टर्मिनल एकमेकांना जोडले जातात ते) बघा. बंद: काही नाही. ऑन: ३० ते १५. स्टार्ट: ३० ते ५०, आणि ३० ते १५ सुद्धा. हे शेवटचं तुटत असेल तर सेल्फ मारताना ठिणगी मिळत नाही. चावी सोडल्यावरच गाडी पेटते ती यामुळे. बॅटरी मलूल असली तरी हेच लक्षण दिसतं, म्हणून आधी बॅटरी तपासा.

एवढं करून पुन्हा सहा महिन्यांनी जळत असेल तर दोष लोडचा. एकट्या कॉइलला साधारण ४ अँपिअर लागतात, तेवढे स्विच आरामात पेलतो. पण स्टिरिओ, चार्जर, जादा हॉर्न सगळे त्याच टर्मिनलला चिकटवलेले असतात. ते काढून लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या १२ व्होल्ट, ३० अँपिअरच्या चार पिनांच्या रिलेवर (थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारा खटका) घ्या: ८६ ला स्विचची वायर, ८५ ला अर्थ, ३० ला बॅटरीकडून २.५ चौरस मिमीची वायर आणि तिच्यावर बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज, ८७ ला लोड. कॉइल आणि चार्जिंगच्या दिव्याची वायर स्विचवरच राहू द्या. रिले मेला तरी गाडी घरी येते.

वीस मिनिटं गाडी चालवून स्विचच्या मागे बोट लावून बघा. कोमट चालेल. चटका बसत असेल तर कुठलं तरी टर्मिनल अजून सैल आहे.